अक्षर मोठे करा, मग सही करा

(प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे संगणकाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. संगणक म्हणजे काँप्युटर. तुम्ही सर्वांनी तो पाहिला आहे. सात-बाराचा उतारा काढायला गेलात, की तो समोर असतो. बँकेत असतो, दवाखान्यात असतो, मुलांच्या शाळेत असतो. पण तुमच्यापैकी पुष्कळजण त्याच्यापासून चार हात दूर उभे राहतात. "ते आपलं काम नव्हे," असे म्हणतात.

हे काम तुमचेच आहे, हे सांगायला आम्ही आलो आहोत.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठी माणसे रात्री वर्गाला बसत आणि अक्षरे गिरवीत. त्या वेळी वाचायचे ते सारे कागदावर असे. पत्र कागदावर, पावती कागदावर, सावकाराचा लेख कागदावर. आज तुम्ही वाचायला शिकलात; पण तुमच्या जमिनीचा लेख पडद्यावर गेला आहे. तेव्हा पडद्यावरचे वाचता आले नाही, तर शिकलेले अर्धे वाया जाईल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मावशींचा अर्ज

आमच्या वर्गाला एक मावशी येत. त्यांचे यजमान वारले होते. जमीन यजमानांच्या नावावर होती. सात-बारावर मावशींचे आणि मुलांचे नाव लागायला हवे होते. त्यासाठी वारस नोंदीचा अर्ज करायचा होता. मावशी आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही बरोबर चला, म्हणजे मला धीर येईल." आम्ही गेलो.

अर्ज भरणारा मुलगा चांगला होता. त्याने कागद मागितले, भराभर बोटे चालवली आणि पडदा थोडा आमच्याकडे वळवून विचारले, "बघा, बरोबर आहे ना?"

पडद्यावर मुंगीएवढी अक्षरे होती. मावशींची चाळिशी घरी राहिली होती. मागे दहा माणसे रांगेत उभी होती. मावशी म्हणाल्या, "हो बाळा, बरोबर आहे." आम्हीही मान हलवली. खरे सांगायचे तर, आम्हांलाही ते नीट दिसले नव्हते. "दिसत नाही," असे म्हणायची आम्हांला लाज वाटली.

गट नंबर होता १३८. अर्जात पडला १८८. इंग्रजी आकड्यांत तीन आणि आठ यांत फरक तो केवढा! डाव्या बाजूच्या दोन फटी बुजल्या, की तिनाचा आठ होतो. अक्षर बारीक असले, की त्या फटी दिसतच नाहीत.

अर्ज परत आला. तो परत आला आहे, हे कळायलाच दिवस गेले. मग नवा अर्ज, नवे हेलपाटे. तोवर पेरणी तोंडावर आली. सात-बारावर नाव नाही, म्हणून सोसायटीचे पीककर्ज मिळेना. बियाण्यासाठी मावशींना बाहेरून व्याजाने पैसे घ्यावे लागले. पुढे नाव लागले. पण ते व्याज काही कोणी परत केले नाही.

मंडळी, त्या मुलाने एक आकडा चुकवला. पण आम्ही तिघांनी तो वाचला नाही. ती चूक आमचीही होती. ती आम्हांला अजून बोचते. म्हणूनच आज हे बोलत आहोत.

अक्षर मोठे होते

त्या दिवशी आम्ही काय करायला हवे होते? फक्त एक वाक्य बोलायला हवे होते : "बाळा, अक्षर जरा मोठं कर."

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पुस्तक छापीत. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे देवनागरी खिळे फार सुबक म्हणून नावाजले गेले. पण खिळा कितीही सुबक असो, एकदा छापलेले अक्षर पुढे मोठे होत नाही. ज्याची नजर अधू, त्याने भिंग घ्यावे, नाहीतर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

संगणकाच्या पडद्यावर तसे नाही. तिथले अक्षर उजेडाच्या बारीक बारीक ठिपक्यांचे असते. सांगाल तेवढे मोठे होते, सांगाल तेवढे लहान होते. त्याला पैसा पडत नाही, वेळही लागत नाही.

आणि मोठे अक्षर मागण्यात लाज कसली? चाळीस वर्षे झाली, की डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. जवळचे बारीक दिसेनासे होते. शिकलेला असो, अडाणी असो, सर्वांचे होते. म्हणून तर आपल्या माणसांनी त्या चष्म्याला चाळिशी हे नाव दिले.

दोन कळांची जोडी

आता संगणकाकडे येऊ. पडद्यापुढे बटणांची पाटी असते. तिला कळफलक म्हणतात; बोलताना लोक कीबोर्ड म्हणतात. त्याच्या अगदी खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात पहा. तिथे एक कळ आहे. तिच्यावर सी, टी, आर, एल ही इंग्रजी अक्षरे असतात. तिचे नाव कंट्रोल. काही लहान संगणकांवर कोपऱ्यात दुसरीच कळ असते आणि कंट्रोल तिच्या शेजारी असते. म्हणून आधी अक्षरे पाहून खात्री करा.

नुसती कंट्रोल दाबली तर काहीच होत नाही. तिला जोडीदार लागतो. एक कळ धरून दुसरी दाबायची, याला शॉर्टकट म्हणतात. आपण त्याला जवळची वाट म्हणू. बैलगाडीच्या रस्त्याने लांबून जायचे, त्याऐवजी बांधावरून पायवाटेने जायचे, तसे हे आहे.

दाबायचे कसे, ते नीट ऐका. जमिनीत खुंटी ठोकताना आपण काय करतो? डाव्या हाताने खुंटी धरतो आणि उजव्या हाताने घाव घालतो. आधी धरायची, मग घाव. इथेही तसेच. डाव्या बोटाने कंट्रोल धरून ठेवा. उजव्या बोटाने दुसरी कळ एकदाच टिचकीसारखी दाबा आणि सोडा. मग कंट्रोल सोडा. पुष्कळजण दोन्ही कळा एकदम दाबायला जातात आणि चुकतात. घाई नको.

आता पहिली जोडी. आकड्यांची ओळ वर आहे. तिच्या उजव्या टोकाकडे अधिकाचे चिन्ह आहे. आपण बेरजेला काढतो, तीच फुली. कंट्रोल धरा आणि ती कळ दाबा. इंटरनेटचे पान समोर असेल, तर त्यातले अक्षर मोठे होईल. पुन्हा दाबा, आणखी मोठे. क्रोम नावाच्या खिडकीत शंभराचे एकशे दहा होते, मग सव्वाशे, मग दीडशे. दीडशे म्हणजे मूळच्या दीडपट.

अधिकाच्या डाव्या बाजूला वजाचे चिन्ह आहे. कंट्रोल धरून वजा दाबले, की अक्षर लहान होते.

आणि कंट्रोल धरून शून्य दाबले, की पान होते तसे होते. ही तिसरी जोडी विसरू नका. आपले काम झाले, की दुसऱ्याचा संगणक पहिल्यासारखा करून उठावे. पाहुणे गेलेल्या घरातली घोंगडी आपण घडी करून ठेवतो ना, तसे.

तेव्हा तीन जोड्या झाल्या. अधिक म्हणजे मोठे. वजा म्हणजे लहान. शून्य म्हणजे जसेच्या तसे.

एक सावधगिरी सांगतो. अक्षर फार मोठे केले, तर पानाचा उजवा भाग पडद्याबाहेर जातो. नाव दिसते आणि रक्कम दिसत नाही, असे होते. म्हणून पान सरकवून उजवीकडचे आणि खालचेही पहा. "एवढंच आहे," असे धरून चालू नका.

सारा पडदाच बारीक दिसत असेल तर

काही वेळा एका पानापुरते अक्षर मोठे करून भागत नाही. सगळेच बारीक दिसते. त्यालाही उपाय आहे.

खालच्याच ओळीत चार चौकोनांच्या खिडकीचे चित्र असलेली एक कळ असते. ती विंडोजची कळ. ती धरा आणि अधिक दाबा. पडद्यावर भिंग उघडेल. माऊस जिकडे न्याल, तिकडचा भाग मोठा दिसेल. हे भिंग बंद करायला विंडोजची कळ धरा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली एस्केप ही कळ दाबा.

कायमचे मोठे अक्षर हवे असेल, तर विंडोजची कळ धरून यू दाबा. ज्यांना कमी दिसते, कमी ऐकू येते, त्यांच्या सोयीचे पान उघडते. अलीकडच्या विंडोज अकरा या संगणकावर तिथे अक्षराच्या आकाराची पट्टी असते. ती शंभरापासून सव्वादोनशेपर्यंत सरकते. घरी मुलाचा संगणक असेल, तर त्याच्याकडून हे एकदा करून घ्या.

मोबाईलवरही असेच आहे. चित्र किंवा इंटरनेटचे पान असेल, तर दोन बोटे काचेवर ठेवून फाकवा. बहुतेक पाने मोठी होतात. सेटिंगमध्ये गेलात, तर अक्षराचा आकार कायमचा वाढवता येतो.

दिसते मोठे आणि छापते मोठे

इथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. एका आबांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिले. पडद्यावर अक्षर चांगले टपोरे दिसत होते. छापून कागद बाहेर आला, तो अक्षर बारीकच! आबा म्हणाले, "यंत्रानं फसवलं की हो!"

यंत्राने फसवले नव्हते. आबांनी पडद्यापुढे भिंग धरले होते, एवढेच. भिंगातून बोराएवढा मणी लिंबाएवढा दिसतो. पण मणी बोराएवढाच राहतो. भिंग धरणे निराळे आणि अक्षर खरेच मोठे करणे निराळे.

कागदावर मोठे हवे असेल, तर आधी मजकूर निवडावा लागतो. कंट्रोल धरून ए दाबा. सगळा मजकूर निवडला जातो. त्याचा रंग बदललेला दिसतो. मग वर एक आकडा लिहिलेला असतो, अकरा, बारा असा. तो अठरा करा. छापखान्याची मंडळी अक्षर पॉइंटात मोजतात. बहात्तर पॉइंटांचा एक इंच होतो. बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला अठराचे अक्षर सुखाचे वाटते.

चार शेजारणी

आता आणखी चार जोड्या सांगतो. कळफलकावर अक्षरांच्या तीन ओळी असतात. तिसरी, म्हणजे सर्वांत खालची ओळ घ्या. तिच्यात डावीकडून चार अक्षरे शेजारी शेजारी आहेत. झेड, एक्स, सी, व्ही. इंग्रजी येत नसेल तरी काळजी नको. आकार ओळखा. झेड म्हणजे घाटातले वळण. एक्स म्हणजे उघडी कात्री. सी म्हणजे चंद्राची कोर. व्ही म्हणजे नांगराचा फाळ.

कंट्रोल आणि कोर म्हणजे नक्कल करा. कंट्रोल आणि कात्री म्हणजे इथून उचला. कंट्रोल आणि फाळ म्हणजे इथे रोवा. समजा, पत्रात गावाचा पूर्ण पत्ता पाच ठिकाणी लिहायचा आहे. एकदा लिहा, निवडा, नक्कल करा आणि पाच ठिकाणी रोवा. पाच वेळा लिहिण्याचे कष्ट नाहीत. पण पहिल्यांदा लिहिलेला पत्ता तपासून घ्या. तो चुकला, तर पाचही ठिकाणी चुकेल. बियाणेच खोटे असेल, तर सारे वावर खोटे.

ही युक्ती लॅरी टेस्लर नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात बसवली. ते साल १९७० च्या पुढचे. पूर्वी वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकूर कात्रीने कापीत आणि खळीने दुसरीकडे चिकटवीत. तेच काम त्यांनी पडद्यावर आणले. टेस्लर २०२० साली वारले. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. पण त्यांची युक्ती रोज सारे जग वापरते.

चौथी शेजारीण म्हणजे घाटातले वळण. कंट्रोल धरून झेड दाबा. नुकतेच जे केले, ते मागे घेतले जाते. चुकून ओळ पुसली? झेड. भलतेच लिहिले गेले? झेड. आमच्या मते तुम्ही ही जोडी सर्वांत आधी शिकावी. कारण संगणकाला हात न लावण्याचे खरे कारण भीती हेच आहे. "काही बिघडलं तर?" पाटीवर चुकलेले अक्षर आपण ओल्या फडक्याने पुसतो. तसेच हे फडके आहे.

मात्र हे फडके सगळीकडे चालत नाही. अर्ज एकदा पाठवला, किंवा पैसे एकदा पाठवले, की झेड दाबून ते परत येत नाहीत. सुटलेला बाण तो सुटलाच. म्हणून "पाठवा" किंवा "सबमिट" या बटणाआधी थांबा. वाचा. मग दाबा.

यादीत आपले नाव

आणखी एक जोडी फार उपयोगाची. गावाच्या मोठ्या यादीत आपले नाव शोधायचे आहे. कंट्रोल धरा आणि एफ दाबा. एक लहान चौकट उघडते. तिच्यात नाव लिहा. नाव जिथे असेल, तिथे रंग चढतो.

पण नाव सापडले नाही, म्हणून लगेच घरी जाऊ नका. यादीत ऱ्हस्व असेल आणि तुम्ही दीर्घ लिहिले असेल, तर यंत्राला ते निराळेच नाव वाटते. नुसते आडनाव लिहून पहा. कधी यादी इंग्रजीत असते. कधी ती कागदाचा फोटो असते. फोटोतली अक्षरे या चौकटीला बहुधा वाचता येत नाहीत. अशा वेळी अक्षर मोठे करा आणि ओळीओळीने स्वतः वाचा. यंत्र थकले, तरी तुमचे डोळे आहेत.

आपण काय नेम धरावा

मंडळी, सगळ्या कळा आज पाठ झाल्या नाहीत, तरी चालेल. एक नेम मात्र आजपासून धरा.

कोठेही अर्ज भरायला गेलात, की पडदा आपल्याकडे वळवून घ्या. अक्षर मोठे करायला सांगा. आपला मूळ कागद हातात धरा. आकडे सलग वाचू नका, एकेक वाचा. एकशे अडतीस असे नको. एक, तीन, आठ असे म्हणा. नाव, गट नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर, एवढे तरी पडताळून पहा. मग सही करा, किंवा अंगठा द्या.

मागे रांग असेल. कोणी म्हणेल, "लवकर आटपा." त्यांना हात जोडून सांगा, "दोन मिनिटं थांबा दादा, जमिनीचं काम आहे." बहुतेक माणसे थांबतात. जमीन त्यांनाही आहे.

आता त्या मावशींचे सांगून संपवतो. पुढच्या वर्षी त्यांना दुसरा एक अर्ज भरायचा होता. त्यांनी आम्हांला बोलावले नाही. एकट्याच गेल्या. चाळिशी लावली आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, तो कंट्रोल धर आणि अधिक दाब. तीनदा दाब." मुलगा हसला आणि त्याने तीनदा दाबले. मावशींनी बोट न टेकवता, काचेपासून थोडे दूर धरून, सगळा अर्ज वाचला. मोबाईल नंबरात एक आकडा चुकला होता. तो त्यांनी दुरुस्त करून घेतला.

संध्याकाळी वर्गात येऊन त्यांनी हे सांगितले. आम्ही विचारले, "किती वेळ लागला?" त्या म्हणाल्या, "वाचायला पाच मिनिटं. आणि मागच्या वेळी न वाचल्याचं व्याज मी वर्षभर फेडलं."

पुढच्या बैठकीला आम्ही एक संगणक आणणार आहोत. प्रत्येकाने येऊन कंट्रोल आणि अधिक स्वतःच्या बोटाने दाबायचे आहे. बघत बसायचे नाही. चाळिशी विसरू नका.

राम राम.